थर्माकोलचा डबा, हेलियमचा फुगा: शाळेतली मुलं खरंच अंतराळापर्यंत पोहोचतात का?

२८ फेब्रुवारी २००९. स्पेनच्या कॅटालोनिया भागात ला बिस्बाल नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या माध्यमिक शाळेतल्या चार विद्यार्थ्यांनी त्यांच्या शिक्षकांच्या मदतीनं त्या दिवशी हेलियमनं भरलेला एक मोठा फुगा आकाशात सोडला. फुग्याखाली मुलांनी स्वतः जोडलेले सेन्सर आणि एक साधा निकॉन कॅमेरा टांगला होता. कॅमेऱ्याची किंमत ५६ पौंड, फुग्याची ४३ पौंड.

फुगा ३० किलोमीटरच्याही वर गेला आणि फुटला. सामान खाली आलं, मुलांनी ते शोधून काढलं. कॅमेऱ्यातल्या फोटोंत वर काळंकुट्ट आकाश होतं, खाली पांढरे ढग होते आणि मधे वातावरणाची पातळ निळी कड. ही बातमी जगभर गाजली. 'शंभर पौंडांत अंतराळ' असंच तिचं चित्र लोकांच्या मनात राहिलं.

त्यानंतर अशा प्रयोगांची रीघ लागली. आजही 'अमुक शाळेच्या मुलांनी अंतराळात यान पाठवलं' अशी एखादी पोस्ट अधूनमधून व्हायरल होते. पण घरी बनवलेला डबा खरंच अंतराळात जातो का? जात नसेल तर या सगळ्याचा उपयोग काय? आणि हे आपल्या शाळेत करता येईल का?

डब्यात नेमकं काय असतं?

हा डबा म्हणजे बहुतेक वेळा थर्माकोलची पेटी. बर्फ किंवा औषधं ठेवायला वापरतात तशीच. थर्माकोल हलका असतो, थंडी आत येऊ देत नाही आणि जमिनीवर आपटताना धक्काही सोसतो.

पेटीत साधारण चार गोष्टी असतात. कॅमेरा, तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर, ठिकाण सांगणारं जीपीएस यंत्र आणि या सगळ्यांना वीज देणारी बॅटरी. पेटीच्या वर पॅराशूट आणि त्याच्या वर फुगा. सगळं एका दोरीत ओवलेलं असतं.

यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे बॅटरी. वर तापमान उणे ५० अंशांच्याही खाली जातं. अशा थंडीत साधी बॅटरी मान टाकते आणि कॅमेरा बंद पडतो. २००९ मध्येच अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १५० डॉलरमध्ये असाच प्रयोग केला. थंडीवर त्यांनी शोधलेला उपाय मजेशीर होता. बर्फाळ प्रदेशात लोक हातमोज्यात ठेवतात त्या गरम पुड्या त्यांनी पेटीत ठेवल्या.

फुगा वर का जातो आणि फुटतो का?

जमिनीलगत एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो असतं. तेवढ्याच हेलियमचं वजन २०० ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे एक घनमीटर हेलियम ढोबळमानानं एक किलो वजन उचलू शकतो.

ला बिस्बालच्या मुलांचा फुगा भरल्यावर दोन मीटरपेक्षा थोडा मोठा होता. दोन मीटर व्यासाच्या गोलात चार घनमीटरपेक्षा थोडा जास्त वायू मावतो. म्हणजे उचलण्याची ताकद झाली चार किलोंच्या वर. रिकाम्या फुग्याचं वजन दीड किलो आणि खालच्या सामानाचंही सुमारे दीड किलो. एकूण तीन. उरलेली किलोभर ताकद फुग्याला वर ढकलते. शाळेच्या पुस्तकातलं आर्किमिडीजचं तत्त्व इथे प्रत्यक्ष कामाला येतं.

असे फुगे सेकंदाला साधारण पाच मीटर वेगानं चढतात. म्हणजे ३० किलोमीटर चढायला सुमारे १०० मिनिटं लागतात.

फुगा वर जातो तसा बाहेरचा दाब कमी होतो आणि आतला वायू पसरत जातो. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या तुलनेत फक्त एक टक्क्याच्या आसपास उरतो. तिथे पोहोचेपर्यंत दोन मीटरचा फुगा आठ मीटर रुंद होतो. दुमजली घर झाकेल एवढा! शेवटी रबर ताणून ताणून फाटतं. फुगा फुटणं हा अपघात नसतो, सामान खाली आणण्याचा तोच मार्ग असतो.

फुटल्यानंतरची पहिली काही मिनिटं फार वेगवान असतात. इतक्या विरळ हवेत पॅराशूटला धरायला काही सापडतच नाही. जमिनीजवळ सेकंदाला पाच मीटरनं उतरणारं पॅराशूट ३० किलोमीटरवर सेकंदाला ४० मीटरच्या आसपास, म्हणजे एक्सप्रेस गाडीच्या वेगानं कोसळत असतं. हवा दाट होत जाते तसा वेग आपोआप कमी होतो.

मग ३० किलोमीटर म्हणजे अंतराळ का?

नाही.

अंतराळ कुठे सुरू होतं याची सर्वाधिक मान्य रेषा १०० किलोमीटरवर आहे. तिला कारमन रेषा म्हणतात. अमेरिकेत ८० किलोमीटरची सीमाही मानतात. शाळेचा फुगा ३० ते ३५ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे कारमन रेषेच्या एक तृतीयांश उंचीवर. तो पोहोचतो ते स्थितांबरात. प्रवासी विमानं ज्या १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात, त्याच्या जवळपास तिप्पट उंच.

फुगा आणखी मोठा केला तर? तरीही नाही. फुगा तरंगतो तो हवेवर. हवाच संपली की त्याला वर ढकलणारं काही उरत नाही. जपानच्या अंतराळ संस्थेनं २०१३ मध्ये अतिशय पातळ प्लास्टिकचा खास फुगा बनवून ५३.७ किलोमीटरची उंची गाठली. तो विक्रमही कारमन रेषेच्या जेमतेम अर्ध्यापर्यंत जातो.

मग फोटोतलं आकाश काळं का दिसतं? कारण जवळपास ९९ टक्के हवा कॅमेऱ्याच्या खाली राहिलेली असते. सूर्यप्रकाश विखुरून आकाश निळं करायला वर पुरेशी हवाच नसते. पृथ्वीची गोलाई मात्र जपून पाहायला हवी. ३० किलोमीटरवरून क्षितिज ६०० किलोमीटरहून लांब असतं. पुण्यावर असाल तर ते हैदराबादच्याही पलीकडे जाईल. त्यामुळे थोडी गोलाई खरोखर दिसते. पण व्हायरल व्हिडिओंत पृथ्वी चेंडूसारखी दिसते ती बऱ्याचदा ॲक्शन कॅमेऱ्याच्या रुंद भिंगाची करामत असते. कॅमेरा कलला की त्याच व्हिडिओत क्षितिज उलटं, वाटीसारखंही दिसतं.

'उपग्रह' या शब्दाचा घोळ

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून देशभरातल्या शाळकरी विद्यार्थ्यांनी बनवलेली १०० छोटी उपकरणं हेलियमच्या फुग्यांनी आकाशात सोडण्यात आली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम इंटरनॅशनल फाउंडेशनच्या या उपक्रमात सुमारे हजार मुलं होती. महाराष्ट्रातलेही विद्यार्थी होते. मुलांसाठी हा अनुभव मोठाच होता. बातम्यांमध्ये मात्र या उपकरणांना सरसकट 'उपग्रह' म्हटलं गेलं.

उपग्रह होण्यासाठी नुसती उंची पुरत नाही, वेग लागतो. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरत राहायचं तर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटरचा आडवा वेग हवा. फुगा जातो वाऱ्याच्या वेगानं. म्हणून फुग्यातून गेलेलं उपकरण काही तासांत खाली येतं. ते कक्षेत शिरतच नाही.

फरक समजायला 'आझादीसॅट'चं उदाहरण चांगलं आहे. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी त्यासाठी काम केलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तो इस्रोच्या एसएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात होता. ते उड्डाण अपयशी ठरलं. १० फेब्रुवारी २०२३ रोजी 'आझादीसॅट-२' दुसऱ्या एसएसएलव्हीतून सुमारे ४५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत पोहोचला. तो खरा उपग्रह. त्यासाठी रॉकेटच लागलं.

शब्दांचा हा कीस का काढायचा? कारण सातवीतल्या मुलीला 'तुझा उपग्रह अंतराळात गेला' असं सांगितलं आणि दहावीत तिला कक्षा आणि वेगाचं गणित कळलं, तर आधी सांगितलेलं खोटं होतं एवढंच तिच्या लक्षात राहील. 'तू बनवलेलं यंत्र विमानांच्या तिप्पट उंच जाऊन परत आलं' हे वाक्य तितकंच भारी आहे. शिवाय ते खरं आहे.

फोटोपेक्षा मोलाची गोष्ट: वळणारी रेघ

सोशल मीडियावर फिरतो तो फोटो. वर्गासाठी खरा खजिना असतो तो तापमानाचा आलेख.

डोंगरावर जाऊ तसं गार होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. फुग्याच्या नोंदीतही तापमान आधी घसरत जातं. भारतावर साधारण १६-१७ किलोमीटर उंचीवर ते उणे ७० ते ८० अंशांपर्यंत उतरतं. आणि मग रेघ वळते. आणखी वर जावं तसं तापमान वाढू लागतं! मुलांना पहिल्यांदा वाटतं की सेन्सर बिघडला.

असंच एका शास्त्रज्ञालाही वाटलं होतं. फ्रान्सचे हवामान शास्त्रज्ञ लिओन तेसरांक द बोर यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसजवळून उपकरणं बांधलेले फुगे सोडायला सुरुवात केली. ११ किलोमीटरच्या आसपास तापमान घसरायचं थांबत होतं. सूर्याच्या उन्हानं उपकरणच तापत असेल, अशी शंका घेऊन त्यांनी रात्री फुगे सोडले. नोंद तीच आली. दोनशेहून अधिक उड्डाणांनंतर १९०२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की वातावरणाला वेगळा, वरचा थर आहे. तोच स्थितांबर. तिथला ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषून घेतो, म्हणून तो भाग वर वर जाताना तापत जातो, हे कारण नंतर उलगडलं.

म्हणजे फुगा सोडणारा वर्ग हा शोध पुन्हा एकदा, स्वतःच्या डब्यातून लावतो. ओझोनचा थर पुस्तकात वाचणं आणि आपल्या आलेखात त्याची खूण सापडणं, यात फार फरक आहे.

कॅलिफोर्नियातल्या बिशप गावच्या शाळकरी विद्यार्थ्यांनी तर आणखी पुढची पायरी गाठली. मार्च २०१२ मध्ये त्यांनी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या पट्ट्या लावून एक रबराची कोंबडी दोनदा वर पाठवली. एकदा सौर वादळाच्या आधी आणि एकदा वादळ चालू असताना. कोंबडीमुळे बातमी झाली. प्रयोगाची खरी गोम मात्र दोन उड्डाणांच्या तुलनेत होती.

डबा परत कसा मिळतो?

या प्रयोगात वर पाठवणं सोपं आहे, परत मिळवणं अवघड. डबा हरवला की फोटोही गेले आणि नोंदीही गेल्या.

पहिली अडचण वाऱ्याची. फुग्याला सुकाणू नसतं. २०१२ मध्ये कॅनडातल्या टोरंटोच्या दोन सतरा वर्षांच्या मुलांनी लेगोचा एक छोटा माणूस सुमारे २४ किलोमीटर उंच पाठवला. तो उतरला तब्बल १२२ किलोमीटर लांब.

महाराष्ट्रात हा प्रश्न ऋतूनुसार बदलतो. हिवाळ्यात वरचे वारे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पावसाळ्यात १४-१५ किलोमीटर उंचीवर जोरदार वारे नेमके उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. म्हणजे जुलैमध्ये कोकणातून सोडलेला डबा थेट अरबी समुद्रात जाण्याची शक्यता मोठी.

दुसरी अडचण जीपीएसची. क्षेपणास्त्रांसाठी गैरवापर होऊ नये म्हणून अनेक जीपीएस चिप १८ किलोमीटरच्या वर काम करणं थांबवतात. काही तर त्याआधीच गप्प होतात. त्यामुळे उंचीवर चालणारी चिप मुद्दाम पाहून घ्यावी लागते. मोबाइलवर अवलंबून राहिलं तर डबा वर असताना नेटवर्कच मिळत नाही. खाली आल्यावरही तो रेंज नसलेल्या रानात पडला तर शोध संपला. म्हणून अनुभवी गट दोन वेगळी यंत्रं लावतात आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत 'हा विज्ञान प्रयोग आहे, धोका नाही' असं लिहून संपर्क क्रमांक देतात. आपल्याकडे हा मजकूर मराठीत आणि शेजारच्या राज्याच्या भाषेतही हवा.

भारतात हे रोजच घडतं

शाळांचे फुगे नवे वाटत असले तरी असा फुगा तुमच्या डोक्यावरून रोज जात असण्याची शक्यता आहे. भारतीय हवामान विभाग मुंबई, नागपूर, पणजी अशा अनेक केंद्रांवरून 'रेडिओसाँड' नावाचं छोटं उपकरण बांधलेले फुगे सोडतो. जगभरातल्या शेकडो केंद्रांवर ठरलेल्या त्याच वेळांच्या नोंदी घेतल्या जातात. भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या. पावसाचा अंदाज या नोंदींवरही उभा असतो.

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं, मोठे फुगे बनवून सोडणारं केंद्र आहे. २००५ मध्ये तिथून गेलेल्या एका फुग्यानं २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले. या प्रयोगाचे मुख्य शास्त्रज्ञ होते पुण्याच्या आयुकाचे डॉ. जयंत नारळीकर. नमुन्यांची तपासणी करणाऱ्यांत पुण्यातलीच राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था होती. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्याचं इस्रोनं २००९ मध्ये जाहीर केलं. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं, एकीला आर्यभटाचं आणि एकीला इस्रोचं नाव देण्यात आलं.

या केंद्राच्या फुग्यांचं सामान कधी महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतही उतरू शकतं. शेतात असं काही सापडलं तर उघडू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा, असं आवाहन संस्था उड्डाणांच्या वेळी करत असते.

परवानगी लागते का? धोका काय?

लागते, आणि ती टाळण्यासारखी गोष्ट नाही. फुगा विमानांच्या वाटेतून जातो. भारतात त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्याशी आधी बोलावं लागतं. सैन्याचे तळ जवळ असतील तर आणखी काळजी घ्यावी लागते.

'एवढ्याशा डब्यानं काय होणार' असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२५ ची घटना पाहा. अमेरिकेत युटा राज्यावरून सुमारे ३६ हजार फुटांवर उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटची काच तडकली. काचेचे कण लागून वैमानिक जखमी झाला आणि विमान सॉल्ट लेक सिटीला उतरवावं लागलं. काचेवर आदळला होता तो एका खासगी कंपनीचा हवामान फुगा. त्याचं वजन होतं सव्वा किलोपेक्षाही कमी.

दुसरा धोका वायूचा. हायड्रोजन स्वस्त पडतो आणि हवामान विभागही तो वापरतो, पण तिथे प्रशिक्षित माणसं असतात. हायड्रोजन ठिणगीनंही पेट घेतो. शाळेत हेलियमच हवा, कितीही महाग वाटला तरी.

शाळेला सुरुवात करायची असेल तर?

फुगा, हेलियम, यंत्रं, परवानगी आणि डबा शोधायला गाडी, हा खर्च प्रत्येक शाळेला झेपणारा नाही. पण अर्ध्याहून अधिक विज्ञान फुगा न सोडताही शिकता येतं.

* आलेख काढा. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या वेबसाइटवर जगभरातल्या रेडिओसाँडच्या नोंदी मोफत मिळतात. त्यात मुंबई, नागपूर आणि पणजीही आहे. कालच्या नोंदी घेऊन उंची आणि तापमानाचा आलेख वहीत काढला, तरी रेघ कुठे वळते ते दिसतं.
* डबा उतरेल कुठे ते पाहा. केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली मोफत ऑनलाइन सोय वाऱ्याच्या अंदाजावरून फुग्याचा मार्ग नकाशावर काढून देते. आपल्या गावाचं ठिकाण टाकून एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैमध्ये मार्ग काढून ठेवला, तर दोन्हींची तुलना करता येते.
* डब्याची परीक्षा घ्या. कॅमेरा आणि बॅटरी थर्माकोलच्या पेटीत बंद करून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी कॅमेरा चालू असेल का, यावर वर्गात पैज लावा.
* पॅराशूट शिवा. दुसऱ्या मजल्यावरून वजन बांधून सोडा, वेळ मोजा, कापड बदलून पुन्हा मोजा. खाली कुणी उभं नाही ना, हे आधी पाहा.

हे सगळं जमल्यावर जवळचं अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा विज्ञान केंद्र सोबत घेऊन खऱ्या उड्डाणाचा विचार करता येतो. तोपर्यंत डबा का गोठतो, फुगा का फुटतो आणि वारा कुठे नेतो, ही उत्तरं मुलांकडे स्वतःच्या वहीत असतील. उड्डाणाच्या दिवशी डबा सापडलाच नाही तरी ती वही हरवत नाही.